सरांचा होकार

संघाची मॅनेजर म्हणजे नुसती हुकूम सोडत असेल, असं लोकांना वाटतं. आमच्या सोलापूरच्या व्यावसायिक खो-खो संघात वाटणी साधी आहे. कोण खेळणार हे प्रशिक्षक शिंदे सर ठरवतात, पण खेळाडू दुखावलेला असेल तर माझी सही लागते.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी विकासचा, म्हणजे आमच्या सगळ्यात चपळ गड्याचा, गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, "उद्या खेळला तर वर्षभर घरी बसेल." तरी सरांचा मला फोन.

"मॅडम, पोरगं लई मागं लागलंय. मी व्हय म्हणून बसलोय. तुमची सही तेवढी पाहिजे की."

मी नकार देणारच होते, पण माझीच मला शंका आली. मुलीला दोन शिंका आल्या तरी मी दवाखान्यात पळते. मग ही भीती मॅनेजरची की आईची? शिवाय सरांचं आयुष्य मैदानात गेलेलं. मी धीर केला आणि म्हटलं, "सर, खेळातलं तुम्हाला जास्त कळतं. करते सही."



"अवो मॅडम, असं काय करताय?" सर काकुळतीला आले. "तुमी न्हाई म्हणणार याची खात्री होती, म्हणून तर मी त्याला व्हय म्हणलो!"

मग मी रीतसर नाही म्हटलं.

गुडघा आता बरा आहे. विकास मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही. सरांना रोज वाकून नमस्कार करतो. ते हो म्हणाले होते ना.