दोन ताटल्या, एक मासा

वनमाला : थांब, थांब. मी आत्ता जो तुकडा गिळला, तो अळ्या खाऊन वाढलेल्या माशाचा होता?

स्वरदा : दोनपैकी एक. कुठला ते नाही सांगणार. आधी चव सांग.

वनमाला : स्वत:च्या आईक अळये खावक घातलंस गो!

स्वरदा : अळ्या माशाने खाल्ल्या, आई. तू मासा खाल्लास. आणि कोंबडी काय खाते, बघितलंयस?

वनमाला : कोंबडीचं मला सांगू नकोस, कोंबडी कोंबडी आहे. आणि ही काय रीत? ना कोकम, ना तिरफळं. नुसतं मीठ लावून उकडलेली चिलापी. मुलुंडच्या हॉस्पिटलात पण मी असलं खाल्लं नव्हतं.

स्वरदा : मसाला घातला तर चव कशी कळणार? आई, सीरियसली. सकाळी जयवंतरावांचा फोन होता.

वनमाला : ते कर्जतचे तळीवाले?

स्वरदा : तेच. आपलं एकमेव गिऱ्हाईक. त्यांचे मासे हॉटेलवाल्याने परत पाठवले, वास येतो म्हणून. ते म्हणतात, तुमच्या अळ्यांच्या खाद्यानेच वास आला, उद्या सगळी पोती घेऊन जा. दोन वर्षं गेली यार माझी यात. वाट लागली.

वनमाला : मी आधीच म्हटलं होतं. चांगली बँकेतली नोकरी सोडून गच्चीवर अळ्या पाळायच्या! शेजारच्या कुंदाला मी सांगून ठेवलंय, पोरगी फूडमध्ये आहे.

स्वरदा : खरंच आहे ना ते! आणि अळ्या नको तर काय घालायचं? तळ्यातल्या माशांच्या खाद्यात समुद्रातले तारले दळून घालतात, माहितीये?

वनमाला : तारले? आपण खातो ते तारले?

स्वरदा : हो. वाळवून, पीठ करून.

वनमाला : मेल्यांनो! तारले दळून चिलापीला घालतात?

स्वरदा : म्हणून तर सोसायटीचा ओला कचरा अळ्यांना आणि अळ्या माशांना. आता सांग. हिरव्या काठाच्या ताटलीतल्याला वास आहे की पांढऱ्या ताटलीतल्याला?

वनमाला : दोन्हीला.

स्वरदा : आई, नीट खा ना.

वनमाला : नीटच खाल्लं. दोन्हीला चिखलाचा वास आहे. एकसारखा.

स्वरदा : पण एक जुन्या खाद्यावरचा आहे! जयवंतरावांच्याच दुसऱ्या तळ्यातला!

वनमाला : असेल. पाणी एकच ना? आमच्या गावच्या तळ्यातला मासा असाच लागायचा. बाबा आणून चार दिवस विहिरीच्या पाण्यात ठेवायचे, पिंपात. उपाशी. वास गेला की मग कापायचा.

स्वरदा : अरे देवा. हे मी मत्स्यशेतीच्या कोर्सला शिकलेय. परीक्षेत लिहिलंय मी हे!

वनमाला : परीक्षेत पानात कोण वाढतं गो? लाव फोन. स्पीकरवर टाक.

जयवंत : बोला मॅडम. पोती कधी नेताय?

वनमाला : मी तिची आई बोलतेय. तुमच्या जुन्या खाद्यावरचा मासा माझ्या पानात आहे. त्यालाही तोच वास आहे. दोष तळ्याच्या पाण्याचा.

जयवंत : असं कसं, ताई? इतकी वर्षं धंदा करतोय मी.

वनमाला : स्वत:चा मासा कधी खाल्लात?

जयवंत : मी माळकरी आहे, ताई.

स्वरदा : आई, हसू नकोस, ऐकू जातंय!

वनमाला : मग माझं ऐका. वीस मासे काढा, अळ्यांवरचेच. स्वच्छ वाहत्या पाण्याच्या टाकीत चार दिवस ठेवा. खायला काही घालू नका. नंतर दोन इकडे पाठवा.

जयवंत : आणि तरी वास आला तर?

वनमाला : तर पोती मी स्वत: उचलून आणते.

(चार दिवसांनी. दुपारचं जेवण.)

स्वरदा : आई, काहीतरी बोल ना.

वनमाला : काटा काढतेय.

स्वरदा : पुन्हा नुसतं मीठच लावलंय, सॉरी. जयवंतरावांनी तीनदा फोन केलाय. काय सांगू त्यांना?

वनमाला : हा अळ्यांवरचाच ना? नक्की?

स्वरदा : हो. नक्की.

वनमाला : हं.

स्वरदा : हं म्हणजे काय?

वनमाला : भात आण गो अजून थोडा.