तिसरी बकेट

बसा ना सर, उभ्या उभ्या कायले बोलता — व्हय, चार दिसांपासून नाई आली शाळेत, बिमार नाई, धडधाकट आहे, आता बापाले शिदोरी द्यायले बांधीत, धानाच्या वावरात गेली. पन आमची पोरगी, भूमिका, खोटं लिहिनारी नाई हो! तुमी तिच्या जर्नलवर लाल पेनानं लिहिलं ना, 'निरीक्षणे बनावट' — अन् साऱ्या वर्गासमोर वाचून दाखवलं — ते पान तिनं मले दाखवलं. सातवी झाली माही, वाचता येते मले. रागावत नाई मी. तुमची काय चूक? शेतीचा विषय तुमी शिकवता, तुमाले जे वाटलं ते लिहिलं.

हे पहा, इथंच होत्या, न्हानीच्या बाजूले — पेंटच्या तीन रिकाम्या बकेटी. खाली भोकं पाडून, आपल्याच बांधीची माती चाळून भरली पोरीनं. एकीत शेनखत, एकीत युरिया, तिसरीत काईच नाई. तिन्हीत धानाचे सारखेच परे, रोपं. रोज पट्टी घेऊन मोजे, पानं मोजे, रंग लिहे. आता माती तं आमची रेताड, पोटात काई नाई तिच्या — आठ दिसांत तिसरी बकेट पिवळी पडली. बाजूच्या दोघी हिरव्यागार, अन् हे बिचारं मान टाकून! पंधरा वर्सांची होती तवापासून दुसऱ्याच्या बांधीत रोवना करतो मी सर, परा असा पिवळा पाहून मले घास नाई उतरत. तीन लेकरं जेवाले बसली अन् एकाच्या ताटात वाढलंच नाई, तं माय काय करन? तांदूळ धुतलेलं पानी होतं हातात. टाकलं. बस, एवढंच.

एवढंच म्हनजे — नाई, एवढंच नाई. मंग कोंबड्याच्या खुराड्यातलं झाडून, पान्यात कालवून टाकलं. एक दिस आड. बाप्पा, काय उठलं ते धान! युरियावाल्याच्या बी वर गेलं. पोरगी नाचत आली — आई, काईच नाई दिलं तरी वाढून राहिलं! मंग बसली, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. अन् जे दिसलं तेच लिहिलं तिनं. एक अक्षर मनाचं नाई.

काय म्हनता? मले समजलं नव्हतं का?

नाई समजलं म्हनलं तं सुटतो मी. अडानी बाई म्हनून सोडून द्याल तुमी. पन तिनं सांगितलं होतं, सर. दुसऱ्याच हप्त्यात, माह्या बाजूले बसून — आई, ही बकेट उपाशीच ठेवायची असते, तवाच समजते मातीत काय कमी आहे. मी हो म्हनली. अन् ती शाळेत गेली का टाकलं. काऊन? मले नाई पाहिजे तिनं शेतीचं शिकावं, म्हनून! हे पाय पहा माहे, चिखल्यांनी खाल्लेले. चिखलातून काढाले शाळेत घातलं तिले, अन् तुमच्या शाळेनं पुन्हा मातीच दिली हातात! म्हनलं नर्सिंगले जा, पंख्याखाली बस. ऐकतच नाई, कृषी डिप्लोमाच करतो म्हनते. तं मले वाटलं — बिघडलं तं बिघडू दे. एकडाव नापास झाली का सुटन हा नाद.

पन ती नापास नाई झाली ना. खोटी ठरली! हे मी नव्हतं धरलं. बापानं विचारलं, खरं सांग, मनानं लिहिलं का? तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला — आईची शपथ, जे दिसलं तेच लिहिलं. अन् मी? तिचा हात डोक्यावर घेऊन मूग गिळून बसली, सर. चार दिस झाले. लाज वाटते मले. काल रात्री जेवता जेवता म्हने, आई, मलेच नीट दिसत नसन का?

काय? मार्क भरून देता? अन् तिले काई सांगायचं नाई? — खरंच देता येतात? परवा परीक्षक यायच्या आधी? मंग तं कोनालेच नाई समजनार... तिच्या बापाले, केवलरामले बी नाई...

नाई. नाई, सर. मार्क द्याल तुमी, पन ती रोज आपल्या डोळ्यावरच शंका घेन, त्याचं काय? तो पेन द्या इकडे. लाल असला तरी द्या. लिहितो मीच, तिच्या जर्नलात, तुमच्या अक्षराखाली — 'तिसऱ्या बकेटीत खत मी टाकलं. तिले माहीत नव्हतं. शामकला.' झालं. वाचा. अक्षर वाकडं आहे, पन लागते ना?

फाटक वाजलं. आली ती. तुमी मागच्या दारानं जा, सर — नाई, समजावू नका तिले, माही बाजू नका घेऊ. तुमी बसले तं ती मले काईच बोलनार नाई. अन् तिनं बोलावं. जा म्हनलं ना!