बुडबुडे न येणारी गोळी

रेड्डीगारू माझ्यावर भडकले होते, तो किस्सा ऐकाच. त्यांच्या रिफायनरीत वायूतून गंधक वेगळं करायला आमच्या कंपनीच्या उत्प्रेरक गोळ्या वापरतात. गंधक कमी निघायला लागलं, तसे ते वापरलेल्या मूठभर गोळ्या घेऊन आमच्या हिमायतनगरच्या ऑफिसात हजर.

"माल खराब है, मॅडम! अगली ऑर्डर कॅन्सल!"

मी शांतपणे एक नवी गोळी पाण्यात टाकली. भराभर बुडबुडे आले. मग त्यांची टाकली. एकही नाही.

"रेड्डीगारू, हिची छिद्रं गंधकानं बुजलीत. वायू आत शिरणार कुठून? तापमान फार उतरलं की गंधकाची वाफ छिद्रांतच थिजते. तुमच्याकडे कुणीतरी ते उतरवलंय."

त्यांनी तिथूनच प्लांटला फोन लावला, तोही स्पीकरवर. "टेंपरेचर कौन कम किया रे?"

पलीकडून अदबीनं उत्तर आलं, "आपीच बोले थे ना, साब."