एकवीस तास

धाकटा : …नऊ हजार किलोमीटर आहे, ताई. मागच्या गल्लीतून यायचं नव्हतं मला.

ताई : किलोमीटर मला नको सांगूस. बाबांच्या वहीत आहेत ते. घे, वाच.

धाकटा : हे काय आहे?

ताई : जन्मभर डेपोत बसून बसगाड्यांची वेळापत्रकं केली त्यांनी. आईने अंथरूण धरल्यापासून तुझं करत बसले होते. विमानातले तेरा तास, मधल्या थांब्याचे तीन, तिकडे आधी पोचायचे तीन, इकडे सामान नि टॅक्सी दोन. झाले एकवीस. डॉक्टर 'दोन दिवस' म्हणाले तसा सोमवारी सकाळी तुला फोन केला. आई गेली बुधवारी पहाटे. आणि तू उगवलास आज, गुरुवारी सकाळी!

धाकटा : विमानात जागाच नव्हती गं.

ताई : होती. बाबांनी सोमवारी दुपारी विमान कंपनीत फोन करून विचारलं. खिडकीची हवी का, असंही म्हणाली तिथली मुलगी.

(धाकटा वही मिटतो.)

धाकटा : याआधी दोनदा असाच जिवाच्या आकांताने आलो. साहेबाच्या हातापाया पडून रजा काढली. दोन्ही वेळा मी दारात पाऊल टाकलं आणि आई उठून बसली. मला वाटलं, याही वेळी तसंच होईल. एक दिवस थांबून बघू.

ताई : ती तुला बघून उठून बसत होती रे! एवढंही कळलं नाही तुला?

धाकटा : ताई…

ताई : मंगळवारी संध्याकाळी मला केस विंचरायला लावले तिने. म्हणाली, तो येईल, असा अवतार नको. मी सांगितलं, विमान उतरलंय, सामानाला जरा उशीर होतोय. पहाटेपर्यंत तुझं सामानच येत होतं.

धाकटा : पुरे गं. पाया पडतो तुझ्या.

बाबा : (आतल्या खोलीतून येत) ताई, किती बोलशील? प्रवासातून आलाय तो. पाणी तरी दे त्याला.

धाकटा : बाबा, तुम्ही आत जागेच होतात?

बाबा : परत कधी निघायचं आहे?

धाकटा : रविवारी. सकाळी सातचं विमान.

बाबा : मग तीनला घर सोड. रस्ता खणून ठेवलाय.

धाकटा : बाबा, दोन शिव्या द्या हवं तर. पण असं बोलू नका.

बाबा : शिव्या कशाला? एखादी गाडी वेळेवर येईनाशी झाली, तर मी ड्रायव्हरशी कधी भांडलो नाही. मुकाट्याने वेळापत्रक बदलायचो. ताई, वही घे. ते एकवीस खोड आणि बहात्तर लिही. माझ्या वेळेला याला तीन दिवस आधी फोन कर.