बैलाले आवतन असते

यंदा पोळ्याले गुलाबकाकाच्या बैलाचं बॅनर मी हातानं, ब्रशनं काहून रंगवलं, ते ऐका.

चांदूर रेल्वेत माह्यं बॅनरचं दुकान आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी काका बैलाचा फोटो घेऊन आले. अर्धी दुपार मी कॉम्प्युटरवर त्याची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरमाळ टाकली. फक्त नाव लिहाचं राह्यलं होतं, अन् स्क्रीन निळी झाली. 'अपडेट सुरू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.' सेव्ह कराच्या आत सगळं गेलं.

काका म्हणे, "काहून वं, या कॉम्प्युटरनं तुले इचारलं नाही?"

"नाही."

"हे बरं आहे. बैलाले उद्या जेवू घालाचं, तरी आमी आज त्याच्या खांद्याले हळद-तूप लावतो अन् सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. जनावराले इचारतो आमी. अन् तू तं मालकीण आहे याची."

ते मले लागलं. मी बटन दाबून धरलं.

काका घाबरले. "अवं, बंद करू नका म्हणते ना ते. बिघडन."

"बिघडू द्या," मी म्हटलं. "आता मीही त्याले इचारत नाही."