टीव्हीची दुसरी वायर

टीव्हीच्या दुकानात एक शिंपी रिमोटचे सेल घ्यायला थांबला होता. पुढच्या बाईंनी काउंटरवर एक वायर ठेवली.

"भाऊ, अश्शीच आणखी एक द्या."

"का हो काकू, बिघडली? परवाच तर नेलीत," दुकानदार म्हणाला.

"बिघडेल कशाला! चित्र अगदी आरशासारखं दिसतंय. जुन्या वायरीनं सगळी माणसं आडवी ताणलेली दिसायची."

"सांगत नव्हतो? रुंद टीव्हीला सेट-टॉप बॉक्स याच वायरीनं जोडायचा, आणि बॉक्सचं सेटिंगही रुंदच ठेवायचं."

"हो, पण त्याआधी आम्ही चांगलं स्थळ नाकारून बसलो ना! आमची लेक टीव्हीवर बातम्या देते, तिच्या शेजारी बसतो तो मुलगा. लेकीला पसंत. मीच अडून बसले, असला ढब्बू जावई नको म्हणून."

शिंपी सेल विसरला आणि मध्येच विचारू लागला.

"आणि लेक नाही जाड दिसली?"

"ती मुळात काडी. मला वाटायचं, तिकडे शहरात राहून पोरगी अंगानं जरा भरली."

"आणि आता?"

"आता तो काय रुबाबदार दिसतो हो! काल मीच फोन करून होकार कळवला."

"मग ही दुसरी वायर कशाला?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ती अजून या स्थळाला नाहीच म्हणतेय. तिच्या घरी तो जाडाच आहे ना!"