आवाज न करणाऱ्या मोटरीबाबत पुरवणी जबाब

नाव ओळखपत्राप्रमाणे. बोटींच्या धक्क्यावर मला बॅटरीमास्तर म्हणतात आणि ते नाव मी कष्टाने कमावले आहे. वय एकसष्ट. धंदा लिफ्टच्या मोटरी दुरुस्त करणे, सध्या निवृत्त. राहणार धक्क्यामागची गल्ली, चौथा मजला. इमारतीला लिफ्ट नाही.

कोणी बोलावले नसताना मी आज बुधवारी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की, रविवारच्या अपघातात माझ्या मेव्हण्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्याबाबत माझा जबाब त्याच दिवशी झाला आहे. त्यातले एक वाक्य खोटे आहे. ते सांगण्याआधी थोडे मागचे सांगावे लागेल. अंमलदार साहेबांनी थोडक्यात सांगा असे सुचवले. माझी पत्नी तीस वर्षे हेच सुचवत आहे.

मेव्हणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. तो बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त करतो. इंजिन उघडण्याआधी तो डोळे मिटून ऐकतो आणि कुठे बिघडले ते सांगतो. माझी शिडाची बोट सत्तावीस फुटी आहे. तिचे डिझेल इंजिन मी मागच्या वर्षी काढले आणि विजेची मोटर बसवली. इंजिन उचलायला मेव्हणाच होता. "चांगलं चालतंय की दाजी, कशाला काढताय?" असे तो म्हणाला. त्यावर मी त्याला पाऊण तास व्याख्यान दिले. मोटरीला धूर नाही, वास नाही, आवाज तर नाहीच नाही. पुढे धक्क्यावर जो भेटेल त्याला हेच ऐकवले. मी येताना दिसलो की लोक अर्धा चहा टाकून उठू लागले.

माझ्या म्हणण्यात तथ्य होते, हे कृपया नोंदवून घ्यावे. शिडाच्या बोटीला मोटर लागते ती धक्क्यातून बाहेर पडायला आणि परत आत यायला. तेवढ्याला बॅटरी पुरून उरते. सावकाश गेले तर चार तास चालते, जोर लावला तर पाऊण तासात संपते. शिवाय शिडावर जाताना पाण्याच्या ओढीने मोटरीचा बोटीखालचा पंखा फिरतो आणि बॅटरी आपोआप भरते, असेही मी सांगत असे. रविवारी निघताना ती पंचावन्न टक्के होती. जाता जाता भरेल म्हणून मी चार्जिंगला लावलीच नव्हती. तीन तासांत ती दोन टक्के भरली.

अकरा चाळीसला वारा पडला. बोटीवर मी एकटाच होतो, ओहोटीचे पाणी समोरून येत होते. मी शहाण्यासारखा सावकाश परत निघालो. तेवढ्यात एका डिझेल बोटीने मला मागे टाकले आणि तिच्यावरच्या माणसाने हात हलवला. तो ओळख म्हणून असेल, मला खिजवण्यासाठी वाटला. मी मोटरीचा दांडा पूर्ण पुढे ढकलला. बारा वीसला बॅटरी सहा टक्के उरली होती आणि ती बोट दिसेनाशी झाली होती.

मी मेव्हण्याला फोन केला. "किती उरलीय, दाजी?" त्याने विचारले. "तशी आहे, पण तू मोकळा असशील तर ये," असे मी म्हणालो. तो जेवणावरून उठून आपली लाँच घेऊन आला. तो हसला नाही. हसला असता तर बरे वाटले असते. माझ्या बोटीला दोरी बांधून त्याने मला ओढत आणले.

बंदराच्या भिंतीच्या वळणावर, दोन वाजायला दहा कमी असताना, मी त्याला थांबवले. वळणापलीकडे धक्का दिसतो, रविवारी तिथे सगळे बसलेले असतात. मला दोरीला बांधलेले त्यांनी पाहू नये, म्हणून उरलेल्या सहा टक्क्यांवर मी एकटा आत जाईन असे म्हणालो. "बरं, तुमची शान राहू द्या," असे म्हणून त्याने लाँच थांबवली आणि मागच्या खुंटीवरून दोरी सोडवू लागला. अशा वेळी "सोडली" अशी हाक येईपर्यंत मागच्याने इंजिन लावायचे नसते. डिझेल असेल तर लावल्याचे ऐकू येते आणि पुढचा हात काढून घेतो.

दोरी पाण्यात सैल पडली होती. ती माझ्या पंख्यात गेली आणि त्याच्या खुंटीवर घट्ट आवळली. त्याचा हात मध्ये होता. मी चाकूने दोरी कापली. पुढचे दवाखान्याच्या कागदात आहे.

रविवारी साहेबांनी विचारले तेव्हा, मोटर बंद होती, लाटेने दोरी ताणली, असे मी सांगितले. मेव्हण्यानेही तसेच सांगितले आहे, कारण त्याला तसेच वाटते. सोमवारी सकाळी मी पाण्यात उतरून पंख्याला गुंडाळलेला दोरीचा तुकडा काढला. तो पिशवीत घालून आणला आहे.

काल दवाखान्यात पत्नी बाहेर गेल्यावर मेव्हणा मला म्हणाला, "दाजी, लाट ओढते तशी सोडतेही. ती दोरी सोडतच नव्हती. मोटर चालू नव्हती ना?" मी नाही म्हणालो. मग तो म्हणाला, "चालू असती तर मला कळलंच असतं. बोटांचं काय, डाव्या हाताने शिकेन. पण तेव्हापासून वाटतंय, काहीतरी ओढत होतं आणि मला ऐकूच आलं नाही, माझे कानच गेले की काय? कान गेले तर मी काय करू?" मी त्याला पाणी दिले आणि घरी आलो. रात्रभर झोप लागली नाही. मला स्वतःची लाज वाटते, तीही लिहावी.

विचारल्यावरून सांगतो की, हाक आली नव्हती. तरी मी दांडा पुढे ढकलला. मोटर चालू होती. मेव्हण्याचे कान शाबूत आहेत. हे त्याला अजून सांगितलेले नाही. येथून सरळ दवाखान्यात जाणार आहे. या जबाबाची नक्कल मिळावी, कारण नुसता तोंडाने सांगायला गेलो तर काल पाणी दिले तसे आज आणखी काहीतरी देऊन परत येईन.

साहेबांनी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. एका जागी मी त्यांना थांबवले, तेव्हा "मोटर चालू होती" हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचले. ते बरोबर आहे.